दोन चिठ्ठ्यांचा मतदारसंघ : मुंबई शहर (उत्तर), १९५२–१९५७

मतदारसंघाला कोणी संस्था म्हणत नाही. त्याला ना कार्यकारिणी, ना इमारत, ना स्थापनेचा फलक. सीमा ठरवणाऱ्या एका आदेशातल्या चार ओळींनी तो जन्माला येतो आणि पुढच्या आदेशातल्या चार ओळींनी संपतो. तरीही पहिल्या लोकसभा निवडणुकीची आठवण जागवणाऱ्या या स्मरणिकेत ‘मुंबई शहर (उत्तर)’ या मतदारसंघाकडे मी संस्था म्हणूनच पाहणार आहे, कारण लाखो माणसांनी मिळून एक निर्णय कसा घ्यायचा याची एक विशिष्ट रीत तिथे वापरली गेली आणि त्या रीतीनेच निकालाला आकार दिला. आज या मतदारसंघाचे नाव निघते ते एकाच कारणाने. जानेवारी १९५२ मध्ये राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे पराभूत झाले. त्यांना कोणी पाडले यावर महाराष्ट्रात सत्तर वर्षे वाद चालू आहे आणि त्या वादात काँग्रेसचे नाव येते, कम्युनिस्टांचे येते, क्वचित समाजवाद्यांचेही येते. मतदानाच्या पद्धतीचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. माझे म्हणणे असे, की आकडे नीट वाचले तर त्या पराभवाचे सर्वांत पक्के कारण पद्धतीतच सापडते. त्या पद्धतीने राखीव जागेवरच्या माणसाचे भवितव्य इतरांच्या दुसऱ्या मतावर सोडले होते. पुढे ही पद्धत मोडीत निघाली, पण तीही त्याच्या तक्रारीमुळे नव्हे.

पहिल्या लोकसभेच्या निवडणुकीत ४८९ जागा होत्या आणि मतदारसंघ मात्र ४०१. त्यांतले ३१४ एकसदस्यीय, ८६ द्विसदस्यीय आणि उत्तर बंगाल हा एकटा तीन सदस्यांचा. अनुसूचित जाती किंवा जमातींसाठी जागा राखायची तर वेगळा राखीव मतदारसंघ काढण्याऐवजी बहुतेक ठिकाणी दुप्पट मोठा मतदारसंघ आखून त्यातली एक जागा राखीव ठेवलेली असे. मुंबईच्या वाट्याला दक्षिण, उत्तर आणि उपनगर असे तीन मतदारसंघ आले. त्यांतला उत्तर हा दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी. बेटाचा उत्तरेकडचा भाग त्यात होता. गिरण्यांचे भोंगे, चाळी, रात्रपाळी सुटल्यावर रस्त्यावर लोटणारी गर्दी, चाळींच्या जिन्यांत चालणाऱ्या सभा, अशा कामगारवस्तीचा मोठा भाग या मतदारसंघाच्या पोटात होता. काँग्रेस, समाजवादी, कम्युनिस्ट आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या चारही पक्षांना हा मुलूख आपला वाटावा यात नवल नव्हते.

मतदान कसे होई ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही. १९५२ च्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नव्हती आणि शिक्काही मारायचा नव्हता. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली, एक रुपयाच्या नोटेएवढी, क्रमांक घातलेली ती चिठ्ठी असे. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र लोखंडी पेटी ठेवलेली आणि पेटीवर त्याची निशाणी : काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचे कणीस आणि विळा. (त्या निवडणुकीसाठी लागलेल्या पेट्यांपैकी १२ लाखांहून अधिक पेट्या मुंबईतच, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या.) मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. मुंबई शहर (उत्तर) मध्ये मात्र प्रत्येकाच्या हातात लोकसभेसाठी दोन चिठ्ठ्या येत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६३ व्या कलमाने एका उमेदवाराला एकाहून जास्त मते द्यायला बंदी केली होती. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत सापडल्या तर मोजणीत एक धरायची आणि दुसरी बाद करायची. निकाल लावतानाही क्रम ठरलेला होता. आधी अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते तो राखीव जागेवर निवडून आल्याचे जाहीर होई, मग उरलेल्या सर्वांत ज्याला सर्वाधिक तो दुसऱ्या जागेवर. आपली एक चिठ्ठी राखीव उमेदवारालाच दिली पाहिजे असे बंधन मतदारावर नव्हते. त्याने दोन्ही चिठ्ठ्या सर्वसाधारण जागेच्या दोन प्रतिस्पर्ध्यांना वाटल्या तरी त्या वैध होत्या. या एका सवलतीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

ही रीत १९५२ साली आकाशातून पडली नाही. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांच्या निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने ते गेले. त्यांच्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा, प्राथमिक फेरीत फक्त दलित मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि अंतिम फेरी मात्र संयुक्त, अशी तडजोड झाली. म्हणजे राखीव जागेवर कोण उभे राहील यावर तरी त्या समाजाचा हात होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातल्या बहुसदस्यीय मतदारसंघांत आणखी एक सोय होती. मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. संख्येने लहान पण एकजुटीचा गट आपल्या माणसाला याच जोरावर निवडून आणू शकतो. त्या वर्षी भायखळा–परळ मतदारसंघातून स्वतंत्र मजूर पक्षाचे आंबेडकर, काँग्रेसचे उमेदवार आणि नामवंत क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांना हरवून निवडून आले होते. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक फेरी गेली आणि मते एकवटण्याची मुभाही गेली. धोका कोणाच्या लक्षात आला नव्हता असे मात्र नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये एस. नागप्पा यांनी घटना समितीत सुचवले होते, की राखीव जागेवरच्या उमेदवाराला अनुसूचित जातींच्या मतांपैकी किमान ३५ टक्के मते मिळाल्याशिवाय त्याला निवडून आल्याचे जाहीर करू नये. सरदार पटेलांनी विरोध केला आणि सूचना बारगळली. पटेलांचा युक्तिवाद हलका नव्हता. फाळणीच्या त्या दिवसांत समाजनिहाय मतमोजणीचा नुसता वास आला तरी सभागृह दचकत होते. पण भीती समजण्यासारखी होती म्हणून नागप्पांचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. त्याला उत्तर न देताच आपण पहिल्या निवडणुकीला सामोरे गेलो.

आंबेडकरांचे फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. सर्वसाधारण जागेसाठी समाजवाद्यांचे अशोक मेहता आणि राखीव जागेसाठी आंबेडकर. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे. निकाल असा लागला : गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, डांगे ९६,७५५. गांधी आणि काजरोळकर निवडून आले. आंबेडकर १४,५६१ मतांनी मागे राहिले. या पाच आकड्यांपैकी एकदोनच नेहमी उद्धृत होतात, पण पाचही शेजारी ठेवून पाहिले तर ते बरेच काही सांगतात. पहिली गोष्ट, एकूण मतांत दुसरा क्रमांक मेहतांचा होता. तरी ते हरले आणि त्यांच्यापेक्षा १,६०४ मते कमी पडलेले काजरोळकर जिंकले. राखीव जागेच्या नियमाचा तो सरळ आणि रास्त परिणाम होता, पण सर्वसाधारण उमेदवाराला तो बोचणारच. हा काटा पुढे पुन्हा दिसेल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मेहता आणि आंबेडकर एकाच युतीचे, एकाच व्यासपीठावरचे, एकाच मतदारांपुढे उभे. त्यांच्या मतांत १६,१६५ चा फरक आहे. एका मतदाराचे एका उमेदवाराला एकच मत मोजले जात असल्याने याचा अर्थ अगदी काटेकोर निघतो : झाडाला मत दिले आणि हत्तीला दिले नाही असे किमान १६,१६५ मतदार होते. पराभवाचे अंतर होते १४,५६१.

यावर लगेच कोणी म्हणेल, की गळती काँग्रेसकडेही होती. होती. गांधी आणि काजरोळकर यांच्यात ११,००१ मतांचे अंतर आहे, म्हणजे बैलजोडीच्या पहिल्या पेटीत चिठ्ठी टाकून दुसऱ्या पेटीकडे पाठ फिरवणारेही किमान तेवढे होते. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळकटीच देतो. एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या दोन जोड्यांत, दोन्हीकडे, राखीव जागेचा उमेदवार आपल्या जोडीदाराच्या खाली राहिला. या प्रत्येक मतदाराने जात पाहूनच चिठ्ठी फिरवली असे मी म्हणणार नाही. कोणाला दोन चिठ्ठ्यांचा घोळ समजला नसेल, कोणाला मेहता आणि गांधी दोघेही पसंत असतील, कोणी डांग्यांना दुसरे मत दिले असेल. पण पद्धत अशी होती, की सवर्ण मतदाराला दलित उमेदवाराला एकही मत न देता आपले दोन्ही हक्क पुरेपूर बजावता येत, आणि दलित मतदाराला मात्र दोन्ही मते आपल्या माणसाला देता येत नसत. एका बाजूला पळवाट आणि दुसऱ्या बाजूला मनाई, असा तो तराजू होता. काजरोळकर हेही दलित समाजातले कार्यकर्ते होते आणि रीतसर बहुमताने निवडून आले. त्यांच्या निवडीला खोट लावण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की राखीव जागेवर कोणाला पाठवायचे हे ठरवताना त्या समाजाच्या मताला किती वजन होते.

आता ‘मते कुजवली’ या आरोपाकडे वळू. आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. ७४,३३३ मते बाद झाल्याचे त्यांनी त्यात मांडले आणि दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केला असा आरोप ठेवला. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. फेडरेशनच्या कार्यकर्त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मात्र ही गोष्ट विसरू दिली नाही, आणि ती विसरण्याजोगी नाहीच. बाद मतांचा आकडा पराभवाच्या अंतराच्या पाचपटीहून मोठा आहे. पण या आकड्यातून काय सिद्ध होते याचा विचार थंड डोक्याने केला पाहिजे. ती ७४,३३३ मते कोणाच्या पेटीत दुसरी चिठ्ठी म्हणून पडली होती, हे निकालाचे आकडे सांगत नाहीत. त्यांतली बरीचशी हत्तीच्या पेटीतलीही असू शकतात, कारण बाबासाहेबांवर जीव असलेल्या मतदाराने दोन्ही चिठ्ठ्या त्यांनाच देणे ही सर्वांत स्वाभाविक गोष्ट होती, आणि १९३७ साली याच शहरात ती कायदेशीरही होती. कम्युनिस्टांच्या प्रचाराचा दोष धरायचा तर जरूर धरावा. फेडरेशन आणि कम्युनिस्ट यांच्यातले वितुष्ट कोणापासून लपलेले नव्हते. पण मत कुजवणे शक्य होते ते मत कुजू शकेल असा नियम केलेला असल्यामुळे. एकवटलेली मते मोजणारी पद्धत असती, तर ‘दुसरी चिठ्ठी वाया घालवा’ या सांगण्याला अर्थच उरला नसता. दोष केवळ एका पक्षाच्या माथी मारला की नियम सुटतो, आणि माझी तक्रार याच गोष्टीबद्दल आहे.

दुसरा आक्षेप लाटेचा. नेहरूंच्या नावाची लाट होती, दक्षिण मुंबईत स. का. पाटील आणि उपनगरात जयश्री रायजी यांच्या रूपाने काँग्रेसच जिंकली, मग उत्तरेतल्या निकालात विशेष ते काय? लाटेने गांधींची मेहतांवरची ९,३९७ मतांची आघाडी समजते. मेहतांच्या खाली आंबेडकर का राहिले, ते लाटेने समजत नाही. लाट दोघांवर सारखीच आदळत होती. ज्याला ही शंका अजून सतावत असेल त्याने १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक पाहावी. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि तोही मतदारसंघ दोन जागांचा. उमेदवारांची जोडी तीच, मेहता आणि आंबेडकर. दोघांपुढे मतदार तेच, दिवस तोच, पेट्या शेजारी शेजारी. मेहता निवडून आले आणि आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. ‘आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगू या’ असा आग्रह तिथे त्यांच्या सहकाऱ्यांनी धरला होता आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला होता. युतीचा शब्द त्यांनी पाळला आणि त्यांच्या मतदारांनीही पाळला. परतफेड तेवढी आली नाही. एकाच दिवशी एकाच मतदारांसमोर उभ्या असलेल्या दोघांपैकी एक जिंकतो आणि दुसरा हरतो, तेव्हा लाट, पक्ष, पैसा ही सारी स्पष्टीकरणे गळून पडतात आणि दुसऱ्या चिठ्ठीचा प्रवास तेवढा उरतो.

सर्वांत वजनदार आक्षेप १९५७ मधून येतो. तोवर सीमा बदलल्या होत्या. मुंबई शहर (उत्तर) हे नाव एका एकसदस्यीय मतदारसंघाकडे गेले, तिथून व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले, आणि दोन जागांची व्यवस्था ‘मुंबई शहर (मध्य)’ या नव्या मतदारसंघाकडे आली. म्हणजे या इतिहासाचा विषय असलेली संस्था एका लोकसभेपुरतीच जगली. मध्य मुंबईत १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीचे दोन्ही उमेदवार विजयी झाले, सर्वसाधारण जागेवर डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध अर्ज गेला होता ते डांगे आणि ज्या पक्षाने तो केला त्या पक्षाचा उमेदवार खांद्याला खांदा लावून लोकसभेत गेले. बाबासाहेब हे पाहायला नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निर्वाण झाले होते. मग दोन चिठ्ठ्यांची पद्धत दलित उमेदवाराला मारक होती असे कसे म्हणावे? उत्तर असे, की १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने मुंबई पेटलेली होती. गोळीबारात माणसे पडली होती, आणि बैलजोडीविरुद्ध समितीच्या दोन्ही पेट्या भरणे ही मराठी माणसाला अस्मितेची बाब वाटत होती. अशा वेळी दुसरी चिठ्ठी जागच्या जागी पडते. पण संरक्षण म्हणून दिलेली जागा चळवळीच्या भरतीच्या वेळीच खऱ्या अर्थाने मिळणार असेल आणि ओहोटीत हातची जाणार असेल, तर तिला संरक्षण म्हणता येत नाही. मान्यांचा विजय खरा होता. तो पद्धतीने दिला नव्हता, आंदोलनाने दिला होता.

दोन जागांचे मतदारसंघ शेवटी का गेले, हे पाहिले की चित्र पूर्ण होते. १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात माजी केंद्रीय मजूर मंत्री व्ही. व्ही. गिरी उभे होते. दोन जागा, त्यांतली एक अनुसूचित जमातींसाठी. मतमोजणीत जमातींचे दोन उमेदवार गिरींच्या पुढे गेले आणि दोन्ही जागा त्यांना मिळाल्या. गिरी न्यायालयात गेले. राखीव जागेसाठी उभ्या राहिलेल्या डिप्पल सुरी डोरांना सर्वसाधारण जागेवर निवडून आल्याचे कसे जाहीर करता, असा त्यांचा मुद्दा. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. राखीव जागा ही किमान हमी आहे, त्याहून अधिक मिळवायला आडकाठी नाही, असा त्या निकालाचा आशय होता आणि तो न्याय्यच होता. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९६१ च्या आरंभी, द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द करणारा कायदा संसदेने केला. मतदारसंघ फार मोठे होतात, खर्च पेलत नाही, मतदार गोंधळतो ही कारणे खोटी नव्हती. पण ती सगळी १९५२ सालीही तितकीच खरी होती. मुंबईत ७४,३३३ मते बाद झाली तेव्हा ती कायदा बदलण्याइतकी जड वाटली नाहीत. सर्वसाधारण जागेच्या उमेदवारांना आपलीच जागा जाण्याची भीती दिसली तेव्हा हालचाल झाली. हेतूवर बोट ठेवणे अवघड असते हे मला मान्य आहे, पण घटनांचा क्रम तरी असा आहे.

१९६१ नंतर राखीव मतदारसंघ एका जागेचे झाले आणि तिथे सगळेच उमेदवार अनुसूचित जातींचे असल्याने सवर्ण मतदाराची जुनी पळवाट बंद झाली, हे या बदलाच्या बाजूने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. झाडाला मत देऊन हत्ती टाळण्याचा प्रकार आता होऊ शकत नाही. मात्र नागप्पांचा प्रश्न होता तिथेच राहिला. राखीव जागेचा निकाल आजही त्या मतदारसंघातले बहुसंख्य ठरवतात, आणि तो समाज सहसा तिथे अल्पसंख्यच असतो. यावर तिसरा मार्ग होता. तो आंबेडकरांनी स्वतः सुचवला होता आणि तोही पराभवानंतरच्या रागाने नव्हे, तर विचारपूर्वक. १९५५ च्या ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तकात त्यांनी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि त्यात मते एकवटण्याची मुभा अशी मागणी केली. दोन जागांचा मतदारसंघ त्यांना नको नव्हता. त्यांना नको होती ती चिठ्ठ्या वेगळ्या पेट्यांत टाकण्याची सक्ती. संसदेने नेमके उलटे केले. मतदारसंघ मोडले आणि एकवटलेल्या मताचा प्रयोग स्वतंत्र भारतात लोकसभेसाठी एकदाही झाला नाही.

पद्धत बदलली की निकाल कसा बदलतो, याचा दाखला १९५२ सालीच त्याच मुंबई राज्यात मिळाला होता. राज्यसभेची निवडणूक पसंतिक्रमाच्या प्रमाणशीर पद्धतीने होते. मुंबई विधानसभेत ३१५ जागा होत्या आणि राज्यसभेवर १७ सदस्य पाठवायचे होते, म्हणजे सगळ्यांनी मतदान केले तरी एका उमेदवाराला १८ आमदारांची मते पुरेशी होती. बहुमत काँग्रेसचे, फेडरेशनचे बळ नगण्य. तरी इतर पक्षांतल्या काही आमदारांनी आपली पसंती एकत्र आणली आणि लालबाग-परळच्या पेट्यांनी जानेवारीत ज्यांना परत पाठवले होते ते डॉ. आंबेडकर १९५२ च्या एप्रिलपासून राज्यसभेचे सदस्य झाले.